अख्खं लगीन

झरीच्या पाड्यात हिरीला हिरी म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. पोरं तिला 'मोबाईलवाली' म्हणत, बाया 'टावर' म्हणत, आणि तिचा नवरा चैत्या काहीच म्हणत नसे, कारण तोंड उघडलं की भांडण कुठवर जाईल याचा त्याला पंधरा वर्षांत अंदाज आला नव्हता. ही नावं काही तिला बारशाला मिळाली नव्हती. ती मिळाली २०१५च्या एप्रिलात, भर मांडवात, चारशे माणसांसमोर. देणारी होती बायजी.

त्या दिवसापासून हिरीने बायजीवर डूख धरला. चिकू पिकायला ठेवतात तसा तिने तो राग पेंढ्यात घालून ठेवला होता आणि रोज उठून अंगठ्याने दाबून बघायची, नरम पडला का. चार वर्षं झाली तरी दगडासारखा होता.

झालं होतं असं. वारल्यांच्या लग्नाला भटजी लागत नाही, धवलेरी लागते. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. ती गाते आणि तिच्या गाण्याने लग्न लागतं. देवांना आवतण तिच्या गाण्यातून, हळद तिच्या गाण्यातून, तांदूळ तिच्या गाण्यातून. नवरानवरी पाटावर बसली की तिचं गाणं पुरं होईपर्यंत त्यांनी उठायचं नाही आणि ब्र काढायचा नाही. उठली की सगळं पहिल्यापासून. धवलेरी मध्येच गप्प झाली तर लग्न अर्ध्यावरच लोंबकळणार. आणि हे सगळं तोंडपाठ. कागद नाही, पोथी नाही.

हिरीची आते शुक्री ही नावाजलेली धवलेरी. हिरी बारा वर्षांची असल्यापासून तिच्या मागे बसून सूर धरायची. पण मागे बसणं वेगळं आणि पुढे बसणं वेगळं. खऱ्या धवलेरीला म्हणे गाणं स्वप्नात येतं, देवी येऊन कानात सांगून जाते. शुक्रीच्या स्वप्नात देवी आली होती, हे अख्ख्या पाड्याला ठाऊक होतं. हिरीच्या स्वप्नात यायची ती डोळ्यांदेखत सुटलेली तलासरीची एसटी. तिने पुष्कळ वाट पाहिली, देवी काही उतरली नाही. मग २०१४च्या उन्हाळ्यात चैत्याने चायनाचा मोबाईल आणला तेव्हा हिरीने आतेचं गाणं त्यात भरून घेतलं. देवी येत नाही तर नाही, मेमरी कार्ड तर आहे.

त्याच दिवाळीत शुक्रीला लकवा मारला. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. पुढच्या उन्हाळ्याची पाच लग्नं तिने आधीच घेऊन ठेवली होती. लोक म्हणाले, हिरी आहे की. हिरी म्हणाली, आहे. आणि कानात इयरफोनची बोंडी घालून, वरून पदर घट्ट ओढून, ती धवलेरीच्या जागी बसली.

चार लग्नं लागली. जोडपी अजून नांदतायत, म्हणजे नीटच लागली असावीत. पाचव्या लग्नात बायजी आली. ही बायजी म्हणजे पाड्यातली पहिली लादीवाली, घरात फरशी बसवून घेतलेली. बचत गटाची अध्यक्ष, कुठल्याही मांडवात तिला प्लास्टिकची लाल खुर्ची, आणि लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढणाऱ्या सवाशिणींत पुढचा मान तिचा. चौक काढून तिने हात धुतले, हिरीचा पदर सावरायचं निमित्त केलं आणि वायर दिसली तशी ती अशी खेचली, जशी कोंबडीच्या पोटातून आतडी काढतात.

"अगे बायांनो, बघा!" वायर उंच धरून बायजी ओरडली. "ही गात नाय! ही वाजते!"

आधी एक हसला. मग चारशे. हिरीचा गळा जो मिटला तो मिटलाच. उधव्याच्या म्हाताऱ्या धवलेरीला आणायला जीप पाठवली, तोवर नवरानवरी तीन तास पाटावर माश्या मोजत बसली. हिरी चपला मांडवातच सोडून अनवाणी घरी गेली आणि तो मोबाईल तिने चुलीत घातला. प्लास्टिकचा वास दोन दिवस गेला नाही.

पुढे शुक्री वारली आणि हिरीला बोलावणं बंद झालं. ती घोलवडला चिकूच्या शेडमध्ये कामाला लागली. मोठा एका खोक्यात, बारका दुसऱ्यात, डागाळलेला बाजूला. हात चालत, ओठही चालत, पण आवाज नाही. शेजारणीने विचारलं, काय पुटपुटते, तर म्हणायची, मोजते. सकाळी बोअरिंगवर पाण्याला गेली की बायजी आहेच.

"काय हिरे, रिचार्ज मारला का नाय?"

बाया हसत. हिरीही हसे. तिला सगळ्यात जास्त काय बोचत असेल तर हेच, की आपणही हसतो. कारण आतून तिला वाटत होतं की बायजी बोलते ते खरं आहे. आपण धवलेरी नव्हतोच, धवलेरीच्या जागी ठेवलेला डबा होतो. बायजीवरचा राग होता तो खोटं बोलल्याचा नव्हता, खरं बोलल्याचा होता, आणि असला राग फार टिकतो.

२०१८च्या दिवाळीनंतर जमीन गुरगुरायला लागली. धुंदलवाडीपासून तलासरीपर्यंत धक्के. भांडी वाजायची, भिंतींना भेगा. माणसं थंडीत घराबाहेर प्लास्टिक बांधून निजू लागली. साहेब लोक यंत्रं घेऊन आले, वाकून बघून गेले. म्हाताऱ्यांनी मात्र कारण केव्हाच काढलं होतं. "लग्नं अर्धी लावता. डीजेवाला आला की धवलेरीला म्हणता, आवर. धरतरीला आवतणच पुरतां मिळत नाय, मग ती गप बसंल?" खरं असो की नसो, त्या उन्हाळ्यात जो तो म्हणू लागला, लग्न लावायचं तर अख्खं.

आणि त्याच उन्हाळ्यात बायजीचा मुलगा नविन बोहल्यावर चढायचा होता. तो उंबरगावला कंपनीत होता. मुलगी डहाणूच्या पूर्वेकडच्या डोंगरातली, दक्षा नावाची. तिकडची माणसं जुन्या वळणाची. सुपारी फोडायच्या आधी मुलीच्या आजाने नेहमीचा प्रश्न विचारला, "पोराच्या आयबापाचां लगीन कोणच्या धवलेरीनं लावलां?"

बायजीने तोंड उघडायच्या आत तिचा नवरा बोलला. हाल्या मोकळा माणूस, त्यात सकाळची ताडी.

"आमचां लगीन? तां ऱ्हायलांच की!"

आता लग्न न लावता एकत्र राहणं ही पाड्यात लाज नव्हे. घरात धान्य नाही, मग यंदा नको, पुढल्या साली. असं करत निम्म्या पाड्याने पोरं झाल्यावर लग्नं लावली होती. नियम एकच, पोराच्या लग्नाआधी आयबापाचं लागलं पाहिजे, फार तर त्याच मांडवात. लाज होती ती वेगळीच. लग्न लागल्याशिवाय बाई सवाशीण होत नाही, आणि सवाशीण नसलेल्या बाईने चौकाला हात लावायचा नसतो. बायजी उंबरगावकडून आली तेव्हा सांगत आली की आमचं तिकडे लागलं. त्या बोलीवर तिने वीस वर्षांत कमीत कमी साठ घरांच्या भिंतींवर देवी काढली होती.

बातमी घोलवडच्या शेडमध्ये पोचली तेव्हा हिरीच्या हातातला चिकू खाली पडला. तिने तो उचलला, पुसला आणि खाऊन टाकला. चार वर्षांत तिला पहिल्यांदा चिकू गोड लागला.

पुढे मजा अशी झाली की बायजीला धवलेरीच मिळेना. उधव्याच्या म्हातारीचा आवाज बसला होता. बाकीच्या तिघींनी सरळ सांगितलं, जिने आमच्या चौकांना खोटा हात लावला तिचं लग्न आम्ही लावणार नाही. राहिली एकटी हिरी. मग एका दुपारी बायजी शेडच्या दारात उभी राहिली. पायात नवी चप्पल, कपाळावर घाम.

"हिरीबाय," ती म्हणाली.

"कोण हिरीबाय?" हिरीने वर पाहिलं नाही. "इथं मोबाईलवाली काम करते."

"जुनां कशाला उकरतेस?"

"जुनां कुठं? अजून रक्त निघतां."

"माझां लगीन लावायला येशील का?"

"मी गात नाय गे. मी वाजते."

शेडमधल्या पंचवीस बाया खोकी बाजूला ठेवून ऐकत होत्या. बायजीने ओठ चावला. "काय पायजे तुला, सांग."

"सकाळी बोअरिंगवर ये. सगळ्या असतील तेव्हा. सुपारी घेऊन ये, तांदूळ घेऊन ये. धवलेरीला मानानं बोलवतात तशी बोलव. मोठ्यानं बोल, मला कमी ऐकू येतां. कानाची वायर कोणी ओढली तेव्हापासून."

बायजी आली. सुपारी ठेवली, तांदूळ ठेवले, मोठ्याने बोलली. हंडे भरून वाहत होते तरी एक बाई हलली नाही. हिरीने सुपारी उचलली. "येईन. पण अख्खं लावीन. एक कडवां सोडणार नाय."

"अख्खंच पायजे. पोरीवालेपण तेच बोलतात," बायजी म्हणाली.

हिरी तोंडाने अख्खं म्हणाली, पण मनात होतं अर्धं. चार वर्षं पिकत घातलेला बेत आता मऊ झाला होता. बायजीला हळद लावायची, मुंडावळ्या बांधायच्या, पाटावर बसवायचं, आणि ऐन मध्यावर गाणं थांबवून उठायचं. चपला घालून, या खेपेला न विसरता, घरी यायचं. बायजी ना धड कुमारीण, ना धड लग्नाची. नविनचं लग्न अडलेलं. बस, म्हणावं, तीन तास नाही, जन्मभर बस.

फक्त एक अडचण होती. मध्यापर्यंत तरी गाता यायला हवं. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती चैत्याला म्हणाली, "मोबाईल जाळायला नको होता रं. त्याच्याशिवाय कसां जमंल?"

"त्या दिवशी तरी कुठं होतां?" चैत्या म्हणाला आणि लगेच त्याला वाटलं, आपण बोललो ते बरं केलं नाही.

"काय?"

"कार्ड. माझ्याकडं होतां. टेम्पोत गाणी वाजवायला काढलेलां मी, आदल्या दिवशी. तुझ्या मोबाईलमधी काहीच नव्हतां."

हिरीचा हात भाकरीवर तसाच राहिला. मांडवातल्या गोंधळात तिला बोंडीतलं कधीच नीट ऐकू येत नसे. तारपा, डीजे, बायांचा कलकलाट. बोंडी कानात आहे, एवढंच पुरायचं. म्हणजे त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत, बायजीने वायर खेचेपर्यंत, मांडवात गात होतं कोण?

"चार वरसां!" ती म्हणाली. "चार वरसां मला टावर म्हणतात आणि तू गप?"

"तू विचारलांच नाय. आणि मोबाईल चुलीत गेला, मग मी बोललो, कार्डाचां सांगून आणखी कशाला..."

चैत्याला पुढचे आठ दिवस अळणी भात मिळाला. मीठ मागितलं की उत्तर यायचं, "तुझ्याकडंच आहे. टेम्पोत बघ."

पण चैत्याच्या त्या बोलण्याने हिरीला धीर आला म्हणाल तर तसंही नाही. माणसाचं मन असं चमत्कारिक की शिवी लगेच विश्वासाने घेतं आणि शाबासकीचा पुरावा मागतं. तिला वाटलं, तेव्हा निदान बोंडी तरी होती. आता कान उघडा. आठ दिवस शेडमध्ये ती ओठांतल्या ओठांत सगळं घोकत राहिली. कधी तांदळाच्या गाण्यावर अडखळायची, कधी नदीच्या. डागाळलेले चिकू चांगल्यांत गेले, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या.

लग्नाच्या दिवशी सकाळी आठला बायजी पाटावर बसली. पंचेचाळिशीची नवरी, अंगभर हळद, डोक्याला मुंडावळ्या, मान खाली. शेजारी हाल्या, सक्तीने कोरडा ठेवलेला, म्हणून जास्त दुःखी. मागे नविन आणि दक्षा हळद लावून आपल्या पाळीची वाट बघत. भिंतीवर चौक होता, तो खऱ्या सवाशिणींनी काढलेला. बायजीची लाल खुर्ची रिकामी होती. तिच्यावर एक कुत्रं येऊन बसलं, कोणी हाकललं नाही.

हिरी समोर बसली. कानावरचा पदर तिने मुद्दाम मागे टाकला, दोन्ही कान सगळ्यांना दिसतील असा. मग तिने डोळे मिटले. काही येईना. पहिला शब्दच येईना. मांडवात कोणीतरी हळूच म्हणालं, "रेंज नाय." दोघंतिघं फिसकन हसली, आणि पाटावरच्या बायजीचे खाली घातलेले खांदे हलले.

खांदे हलले ते हिरीने पाहिलं. रागाने तिच्या कानशिलात ठण्ण झालं आणि त्याबरोबर पहिला शब्द बाहेर पडला. धरतरीला आवतण. मग पाण्याला, झाडाला, वाघाला. देव एकेक करून येऊन बसू लागले. ज्यांची नावं डीजेच्या काळात कोणी घेत नव्हतं, तेही आले. हिरी कोणालाच सोडत नव्हती. दहा वाजले. बायजीच्या नाकावर माशी बसली. हळद लावलेल्या नवरीने हात उचलायचा नसतो. माशीला हे ठाऊक असावं.

अकराच्या सुमाराला थट्टेचं गाणं आलं. या जागी धवलेरीने नवरीला चार शब्द लावायचे आणि नवरीने खालमानेने ऐकायचे, असा रिवाज. हिरीने आतेचे दोन शब्द घेतले आणि दोन घरचे घातले.

"पोराला फुटली मिशी गो, आयला लागली हळद,
दुसऱ्याच्या कानात बोट गो, आपला पाट कोरडा!"

मांडव फुटला. म्हाताऱ्या मांड्या थोपटायला लागल्या, मागच्या बायांनी ओळ उचलली आणि पाच वेळा म्हटली, एकदा पुरे असताना. बायजीच्या मानेवरची शीर ताठली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते झरीने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. हिरीला इतकं बरं वाटलं की तिने आणखी एक ओळ जोडली. ती इथे लिहिण्यासारखी नाही.

बारा वाजून गेले. निम्मं गाणं झालं. हिरीने डोळ्याच्या कोपऱ्यातून चपला पाहिल्या, जवळच काढून ठेवल्या होत्या. हीच ती जागा. एक ओळ म्हणायची आणि उठायचं.

तेवढ्यात जमीन हलली. आधी खालून गाडी गेल्यासारखी घरघर, मग धक्का. भाताचं पातेलं चुलीवरून कलंडलं, कोंबड्या उडाल्या, माणसं ओरडत मांडवातून बाहेर पळाली. बाहेरही तीच जमीन होती, पण पळाली. हाल्याने पाट धरला. बायजी अर्धी उठली.

हिरी गातच होती. गाता गाता तिने बायजीकडे पाहिलं. नवरी उठली की सगळं पहिल्यापासून, हे बायजीलाही माहीत होतं. तीही हिरीकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. ही थांबेल. थांबली की दोष तिचा, आपण मोकळ्या.

हिरीपुढे उद्याची बोअरिंग उभी राहिली. बायजी हंडा टेकवून सांगतेय, भूकंपाचं निमित्त झालं गे, तिला पुढचं येतच नव्हतं. आणि बाया हसतायत. आणि आपणही. नाही. अर्ध्यावर उठणं हा सूड नव्हता. ते तर बायजीला दिलेलं बक्षीस होतं.

एवढा सगळा विचार झाला आणि मग हिरीच्या ध्यानात आलं की विचार चालू असताना गाणं थांबलेलंच नाही. मन बोअरिंगवर जाऊन आलं होतं, जमीन हलून शांत झाली होती, आणि नदीचं गाणं, ज्यावर ती शेडमध्ये आठ दिवस अडखळली होती, ते कधीच पार झालं होतं. कोणी कानात सांगितलं नव्हतं. देवीनेही नाही, आतेनेही नाही. ते तिचंच होतं, तिच्या जिभेला झालेल्या सवयीचं, बारा वर्षांची असल्यापासूनच्या मागे बसण्याचं.

तिने पायाने चपला दूर लोटल्या. मग डाव्या हाताने बायजीला खूण केली, खाली. बायजी बसली.

माणसं एकेक करून परत आली. मुलीचा आजा येऊन हिरीच्या समोरच बसला आणि हात जोडून ऐकू लागला. आता हिरीला घाई नव्हती. सूर खाली घेतला, ओळी लांबवल्या. जी कडवी आते दोनदा म्हणायची ती तीनदा म्हटली. उन्ह मांडवाच्या पानांतून उतरून बायजीच्या टाळूवर आलं, कपाळावर आलं, नाकावर आलं. हळद वाळून तडकली. जेवण उतरून ठेवलेलं, पण धवलेरी थांबल्याशिवाय पंगत नाही. चारशे भुकेली माणसं बायजीकडे असं बघत होती जसं भूक तिनेच लावली. एकदा हाल्या कुजबुजला, "अगे, विचार की किती ऱ्हायलां." बायजीने त्याला कोपर मारलं. बोलायची तिला बंदी होती, मारायची नव्हती.

साडेचारला हिरीने शेवटचा देव त्याच्या डोंगराला पोचवला आणि ती गप्प झाली. मग मुलीच्या आजाने पागोटं काढून हिरीपुढे ठेवलं. "हिरी धवलेरी," तो मोठ्याने म्हणाला, "असां गाणां मी पोर असताना ऐकलेलां."

बायजीच्या पायांना पार मुंग्या आल्या होत्या. उठायला आधार लागला, तेव्हा समोर फक्त हिरीचाच हात होता. तो धरून ती कशीबशी उभी राहिली. घसा कोरडा, डोळे लाल, मुंडावळी एका बाजूला घसरलेली.

"झालां ना गे धवलेरीबाय?" ती पुटपुटली. "एकदाचां झालां?"

हिरीने तांब्या उचलला. सावकाश पाणी प्यायली, चूळ भरली, तोंड पुसलं.

"तुझां झालां," ती म्हणाली. "माणसांना दोन घास खाऊ दे. मग नविनचां. तू वरमाय, तुला दिवा धरून उभां ऱ्हायला लागंल. खाली ठेवायचा नाय हां, विझू द्यायचा नाय."

"थोडक्यात लाव गे," बायजी म्हणाली. सगळ्या बाया ऐकत होत्या.

"थोडक्यात मला येतच नाय," हिरी म्हणाली आणि पंगत बसवायला हाक मारली.